बाबांच्या दगडांचा ठावठिकाणा

बाबांचे दगड एकदाचे संग्रहालयात जाणार, म्हणून थोरली लेक रजा काढून माहेरी आली होती. दगडी हत्यारं ओळखायला आणि त्यांची नोंद करायला ती संग्रहालयात नुकतीच शिकत होती, आणि नव्यानं शिकणाऱ्याचा उत्साह काय विचारता! स्वयंपाकघरातलं टेबल पुसून घेतलं, भिंग काढलं, आणि चकमकीचा एकेक तुकडा उजेडात तिरका धरून ती पाहू लागली.

"हा फुगवटा बघा, बाबा. इथे घाव बसलाय. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात ना, तशा लाटा आहेत इथून. माणसानंच फोडलेला! हा मात्र थंडीनं तडकलाय. नुसताच दगड."

नुसताच दगड म्हटलं की बाबांचं तोंड एवढंसं होई. बस चालवणं सुटल्यापासून त्यांनी दुसरं केलं काय होतं? रानोमाळ हिंडायचं, खिसे भरून आणायचे आणि आईची बोलणी खायची. आपण उगाच हिंडत नव्हतो, एवढंच त्यांना कुणा जाणत्याकडून ऐकायचं होतं.

"आता सांगा, कुठला कुठे सापडला?"

बाबांनी सगळे दगड घासूनपुसून रंगाप्रमाणे लावले होते. जागा लिहिलेल्या पिशव्या कळकट दिसतात म्हणून फेकून दिल्या होत्या.

थोरलीनं कपाळावर हात मारला. "अहो, ठिकाण नसेल तर संग्रहालय हातही लावत नाही!"

आई भांडी विसळत होती. मागे न बघताच म्हणाली, "तो पिवळा कालव्याकाठचा. माझं औषध आणायला गेले होते. औषध राहिलं, दगड आला."

"आणि हा काळा?"

"वीटभट्टीमागचा. माझ्या भावाला स्टेशनवर ताटकळत ठेवलं ना, त्या दिवशीचा. त्याच्या शेजारचा पुलाखालचा. नवीन पँटचा खिसा फाडून आणलाय."

थोरलीचा पेन धावू लागला. एकेका दगडामागे एकेक भांडण, आणि प्रत्येक भांडणाला जागा होती.

"एवढं सगळं मनात धरून ठेवलंस?" बाबा म्हणाले.

"धरलं म्हणून आज कामी आलं."

शेवटी बाबांनी खिशातून मधाच्या रंगाचा एक तुकडा काढला. थोरलीनं भिंग लावलं. कडेनं बारीक, एकसारखे टवके काढले होते. कातडं खरवडायचं हत्यार! सगळ्यांत सरस.

"याची जागा मला पक्की ठाऊक आहे," बाबा म्हणाले. "तळ्याची पायवाट. अगदी पायाशी होता. यानंच तर नाद लावला."

आईचा हात थांबला. "तिथे मी टाकला होता."

तिनं विसळलेलंच ताट पुन्हा विसळायला घेतलं.

"बस चालवणं सुटल्यावर दिवसदिवस भिंतीकडे बघत बसायचात. फिरायला नेलं तरी मान खाली. म्हटलं, मान खालीच घालायची तर निदान काहीतरी दिसू दे."

थोरलीला राहवेना. "पण आई, तू कुठून आणलास?"

"रस्त्याच्या कामाला खडी आली होती, त्या ढिगातून. चकाकला म्हणून उचलला."

"खडी कुठली होती?"

"ते मला काय ठाऊक!"

थोरलीनं पेन खाली ठेवला. सगळ्यांत चांगला दगड, आणि त्यालाच ठिकाण नाही. बाबांना फार लागेल, या धास्तीनं तिनं वर पाहिलं.

"म्हणजे हा तुम्ही संग्रहालयवाले नेणार नाही?" बाबांनी विचारलं.

"नाही नेता येणार, बाबा."

"बरं झालं." त्यांनी तो सदऱ्याला पुसून परत खिशात टाकला. मग उठले, फडकं घेतलं आणि आईशेजारी उभे राहून ताटं पुसू लागले.