बावन्नाव्या चौकटीची जागा

मी जामनगरच्या बांधणीवाल्या जशुमतीबेनच्या संगणकातली हार्ड डिस्क. दिसायला डबीएवढी, पण अख्ख्या गावाच्या नवऱ्या नटतील एवढी बांधणीची नक्षी माझ्या पोटात आहे. म्हणून जरा तोऱ्यात बोलते, रागावू नका.

विकण्याआधीच कंपनीने माझ्यात एक पार्टिशन घालून आपलं सामान कोंबलं. संगणक बिघडला तर उपयोगी पडेल म्हणे! तो कधी बिघडला नाही आणि हे फुकटे भाडेकरू कधी हलले नाहीत. उरलेल्या जागेचे जशुमतीबेननी दोन भाग केले आणि दिवाळीच्या पूजेत संगणकाला कुंकू लावून त्यांची नावं गुजरातीत ठेवली, शुभ आणि लाभ. नक्षी सारी लाभमध्ये.

यंदा त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. सासूने सुनेला घरचोळं द्यायचं, लाल बांधणीची साडी. जशुमतीबेनना सासूने दिलेलं होतं बावन्न चौकटींचं, प्रत्येकीत निराळी नक्षी. तसंच नवं करायचं, पण जुनं हात लावताच विरत होतं. म्हणून त्या एकेक चौकट स्कॅन करून माझ्या हवाली करू लागल्या. एक्कावन्न झाल्या आणि मी भरले! एक चौकट कोरी ठेवून सुनेला घरचोळं कोण देणार? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

भाचा केवल माझ्यात जागा करून द्यायला आला. त्याने काळ्या पडद्यावर पार्टिशनांची यादी काढली. त्या पडद्याला गुजराती कुठलं येतंय? शुभ-लाभच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. केवलने नेमकं लाभवर बोट ठेवलं.

"मामी, हा बघा कंपनीचा कचरा. धड नावसुद्धा नाही. उडवू?"

मी गारठले. ओरडायला तोंड कुठंय मला!

"थांब रे शहाण्या! गाठ ओढून सोडवतात, कात्री नाही लावत. आधी आत काय आहे ते दाखव."

त्याने उघडलं. हत्ती, पोपट, रासमंडळ!

"बाप रे! हे तर तुमचंच!"

"तुझ्या होणाऱ्या वहिनीचं घरचोळंच उडवत होतास की, मुडद्या!"

मग कंपनीचं खरं पार्टिशन सापडलं. ते सहजी निघेना; केवलने दोनदा दामटलं तेव्हा निघालं. ती जागा लाभला जोडली आणि बावन्नावी चौकट आत आली, मोराची. स्कॅनरवरून उचलताना ते कापड जशुमतीबेनच्या हातात दुभंगलं.

आता बावन्नच्या बावन्न चौकटी धड अशा जगात फक्त माझ्याकडे आहेत. छाती फुगून येते. पण हल्ली फिरताना माझ्यातून टकटक आवाज येतो, आणि डिस्कचा असा आवाज म्हणजे तिचे दिवस भरत आले. जशुमतीबेन, केवलला पुन्हा बोलवा, सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. माझ्या मानात वाटेकरी आला तरी चालेल मला.