गुडघ्यांसाठी घेतलेली गाडी

"सकाळी देवापुढे दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मग दिवसभर काय बोलायचं ते बोल, पण बोलशील ते खरं बोल."

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा माई त्या घरात नवीनच होत्या, आणि सांगताना सासूबाई भांडी विसळत होत्या. म्हणजे उपदेश वगैरे नव्हता तो. दूध उतू जाऊ देऊ नकोस, दाराला कडी लावत जा, त्यातलंच हे एक. पण एखादी गोष्ट कानातून आत शिरते आणि आतच बिऱ्हाड थाटून बसते. माईंनी ते मौन धरलं ते धरलं. तापात धरलं, बाळंतपणात धरलं. यजमान गेले त्या पहाटेसुद्धा त्यांनी आधी दिवा लावला आणि मग हंबरडा फोडला. देवाला हे असलं काही हवं असतं का, हे त्यांना कुणी विचारलं तर त्या हसायच्या. "त्याला नसेल हवं. मला लागतं," म्हणायच्या.

माईंना एकुलता एक मुलगा. जन्मला तेव्हा मूठभर होता म्हणून त्याला बारक्या म्हणू लागले, ते आजतागायत. आता बारक्या दारात उभा राहिला की आधी घरातला उजेड जायचा आणि मग तो आत यायचा. मन मात्र लोण्यासारखं. लहानपणी त्याच्या पायाखाली मुंगळा चिरडला, तर दोन दिवस जेवला नव्हता.

या बारक्याने मोठी गाडी घेतली. मोठी म्हणजे किती, तर इमारतीच्या तळमजल्यावर ती उभी राहिली की शेजारच्या गाड्या तिची पिल्लं वाटायच्या. पेढ्यांचा पुडा माईंच्या हातात देऊन तो म्हणाला, "आई, ही तुझ्यासाठी घेतली. खाली बसायच्या गाडीत तुझे गुडघे कुरकुरतात ना? ही बघ कशी उंच आहे!"

उंच होती खरी. इतकी उंच, की माईंना चढायला एक स्टूल लागायचं. मुलगा आतून हात धरून ओढायचा, सून मागून आधार द्यायची, आणि मधल्या मधे माई देवाचा धावा करायच्या. एकदा सून घामाघूम होऊन म्हणाली, "आई, पुढच्या खेपेला क्रेनच सांगू या."

"तू गप गं," बारक्या आतून म्हणाला. "आतून बघ एकदा. राजासारखं वाटतं. सगळा रस्ता खाली दिसतो. आणि मागे कॅमेरा आहे, मागची मुंगीसुद्धा दिसते!"

मुलाचा फुललेला चेहरा बघून माईंचे गुडघे खरोखरच थोडे कमी दुखायचे. आईचं हे असंच असतं.

आणि मग शहराच्या कारभाऱ्यांनी ते पत्रक काढलं. ठरावीक वजनाच्या वर गेलेल्या घरगुती गाड्यांना नोंदणीची फी तिप्पट. नवीन घेताना तिप्पट, नूतनीकरणालाही तिप्पट. जड गाड्यांनी रस्ते लवकर खचतात, जागा जास्त अडते आणि पायी चालणाऱ्याला त्यांची धडक जिव्हारी लागते, अशी कारणं दिली होती. ज्यांना हरकत असेल त्यांनी सुनावणीला येऊन बोलावं.

इमारतीचे सेक्रेटरी त्याच संध्याकाळी घरी आले. माणूस वाईट नव्हता, पण कुठलंही काम मोहिमेवर निघाल्यासारखं करायचा. त्यांचीही गाडी अशीच थोराड.

"पैशाचा मुद्दा काढलात तर कुणी ऐकणार नाही," चहा बशीत ओतत ते म्हणाले. "म्हणतील, एवढी गाडी घेतलीत तर भरा फी. आपल्याला पाहिजे माणुसकीचा मुद्दा. गुडघे!"

"गुडघे?" सुनेने विचारलं.

"ज्येष्ठांचे गुडघे! उंच गाडी ही चैन नव्हे, गरज आहे. माई, तुम्ही नुसतं उभं राहून एवढं सांगा. तुमच्याकडे बघून दगडालाही पाझर फुटेल."

"आणि स्टुलाचं सांगायचं की नाही?" सून म्हणाली.

बारक्याने बायकोकडे डोळे वटारले. सेक्रेटरींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. माई हातातल्या वातीला पीळ देत बसल्या होत्या. सगळे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "येईन. बोलेन."

काय बोलेन ते त्या म्हणाल्या नाहीत, आणि कुणी विचारलंही नाही.

विचारणारी एकच होती, ती खाली. इमारतीच्या तळमजल्यावर, गाड्या लावतात तिथेच भिंतीला लागून इस्त्रीवालीचं टेबल होतं. दुसऱ्या दिवशी माई कपडे घेऊन गेल्या तेव्हा तिने इस्त्री बाजूला टेकवली आणि आवाज खाली केला.

"माई, सांगितलंत?"

"सांगते गं."

"महिना होत आला तुमच्या सांगते-सांगतेला. मला शब्द दिलाय तुम्ही."

"त्याला फार लागेल."

"त्याला मनाला लागेल. गाडी लागली तर कुठं लागेल, ते बघितलंय मी."

तिने हनुवटीने खाली खूण केली. टेबलाखाली तिची नात बसली होती, नुकती चालायला लागलेली. जुन्या चादरीची पट्टी तिच्या कमरेला बांधून तिचं दुसरं टोक टेबलाच्या पायाला बांधलं होतं. पोर पट्टी ताणून जेवढं पुढे येता येईल तेवढी यायची, तिथे हिसका बसला की हसायची, आणि परत मागे जायची. तिला तो खेळच वाटत होता.

"बांधून का ठेवलीस?" माईंनी विचारलं, उत्तर ठाऊक असूनही.

"तुम्ही वाचलात, माई. हिचा काय भरवसा?"

महिन्यापूर्वीची ती सकाळ. आवारातल्या झाडाची पांढरी फुलं रात्रभर गळायची आणि वाऱ्याने गोळा होऊन नेमकी त्या मोठ्या गाडीच्या तोंडाशी पडायची. माई परडी घेऊन रोज तिथे वेचायला यायच्या. त्या दिवशीही आल्या, कमरेत वाकल्या. दिवा अजून लागायचा होता, म्हणजे मौन. बारक्याला कुठेतरी लवकर पोचायचं होतं. तो मागच्या बाजूने फोनवर बोलत आला, चढला, गाडी सुरू केली आणि पुढे घेतली.

गाडीचं तोंड माईंच्या खांद्याला लागलं. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, पण इतक्या वर्षांची सवय; आवाज घशातच अडला. गुडघे झटकन वळतील असे नव्हतेच. त्या कशा कोण जाणे, एका अंगावर कलंडल्या आणि भिंतीकडे सरपटल्या. चाक परडीवरून गेलं. गाडी फाटकातून बाहेर पडली, वळताना तिचा दिवा लुकलुकला, आणि बारक्या फोनवर कुणाला तरी हसून काही सांगत होता तेही त्यांना ऐकू आलं.

इस्त्रीवालीने धावत येऊन त्यांना उठवलं. घरी आल्यावर सुनेने परडीचं विचारलं तेव्हा माई म्हणाल्या, "तुटली." खोटं नव्हतं ते. पण अख्खं खरंही नव्हतं, आणि तेव्हापासून रोज दिवा लावल्यावरही माईंना वाटायचं, आपलं सकाळचं मौन आज सुटलेलंच नाही.

इस्त्रीवालीशी हे बोलणं झालं त्या दिवशी कपडे तिथेच टाकून माई वर आल्या. ती चादरीची पट्टी काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना. जपाला बसल्या तर मण्यांऐवजी हाताला तीच लागल्यासारखी वाटायची.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी बारक्या त्यांच्याकडून तयारी करून घ्यायला बसला.

"म्हण बघू, आई. माझे गुडघे वाकत नाहीत. मुलाने माझ्यासाठी ही गाडी घेतली."

"मुलाने माझ्यासाठी ही गाडी घेतली," माई म्हणाल्या आणि थांबल्या. "बारक्या, खाली चल जरा. गाडीत बसायचंय."

"आत्ता? कुठे जायचंय?"

"कुठे नाही. चल."

खाली अजून उजेड होता. इस्त्रीवाली टेबल आवरून घरी गेली होती. बारक्या गाडीत चढून बसला. माईंनी हात पुढे केला. "किल्ली माझ्याकडे दे."

"अगं, पण..."

"दे म्हणते ना."

किल्ली मुठीत धरून त्या गाडीच्या पुढे गेल्या. फुलं वेचताना उभ्या राहायच्या तिथेच उभ्या राहिल्या, आणि वाकल्या.

"मी दिसते का रे?"

"आई? कुठे गेलीस?"

"इथेच आहे."

"इथे म्हणजे कुठे? मागे आहेस का? थांब, कॅमेरा लावतो... अगं किल्ली तुझ्याकडे आहे."

"पुढे आहे. तुझ्यासमोर."

आतून सीट करकरली. तो एका बाजूला झुकला, मग दुसऱ्या. "आवाज येतोय. तू दिसत नाहीयेस. आई, मस्करी करू नकोस, गुडघे दुखतील तुझे."

माई वाकलेल्याच राहिल्या. तोंड जमिनीकडे होतं, त्यामुळे बोलणं सोपं गेलं. "महिन्यापूर्वी तू सकाळी लवकर निघालास. फोनवर बोलत होतास. मी इथे फुलं वेचत होते. अशीच."

फाटकाबाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"मला काही झालं नाही. खांदा जरा दुखला. परडी गेली तेवढी."

गाडीचं दार उघडलं. बारक्या उतरला, पुढे आला आणि आईला तसं वाकलेलं बघून तिथेच फरशीवर मटकन बसला. एवढा मोठा माणूस, पण बसल्यावर पुन्हा मूठभर दिसायला लागला.

"ओरडली का नाहीस?"

"मौन होतं."

"मौन?" तो हसला की रडला ते कळलं नाही. "आई, गाडीखाली जातानासुद्धा मौन?"

"ठरवून नाही रे. आवाजच फुटला नाही. आणि नंतर... नंतर तुझ्यासाठी फुटला नाही. मुंगळा आठवला मला तुझा."

"मुंगळा!" त्याने तोंड हातांत झाकलं. माईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

शेवटी तो म्हणाला, "उद्या तू हे तिथे सांगणार?"

"बोलायचं कबूल केलंय. बोलले तर हेच बोलेन. गाडी कोण चालवत होतं ते मी सांगणार नाही."

"विचारलं तर?"

माईंनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. खोटं त्यांना येत नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं.

"फी तिप्पट केली म्हणून गाडीपुढचं दिसायला लागणार आहे का, आई?" तो थोड्या वेळाने म्हणाला. भांडणाचा सूर नव्हता, खरंच विचारत होता.

"नाही लागणार. पण पुढचा कुणी घेताना एकदा थांबेल. तू थांबला असतास?"

तो बसल्या जागेवरून गाडीकडे बघत राहिला. इतक्या खालून त्याने ती कधी बघितली नव्हती.

"थांबलो असतो बहुतेक," तो म्हणाला. "फी बघून तुझे गुडघे आठवले नसते मला."

मग उठताना त्याने आईलाही हळूच सरळ केलं. "तू येऊ नकोस उद्या. मी सांगतो. चालवणारा मी होतो, तेही सांगतो."

"मी येते की बरोबर."

"नको. तुझ्यासमोर मला नाही बोलता यायचं. पण बोलेन. शब्द देतो."

माईंनी मान हलवली. दोघं जिना चढून वर आले. सुनेने दार उघडलं, नवऱ्याचे डोळे बघितले, आणि न विचारता पाणी आणून दिलं. तिला जे कळायचं ते तिने त्याच्याकडून कळून घेतलं असावं, कारण जेवणं झाल्यावर ती माईंजवळ आली आणि त्यांचा तो खांदा तेल लावून हलक्या हाताने चोळत बसली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला सेक्रेटरी दारात हजर. अंगात कडक कोट, बरोबर आणखी दोन गृहस्थ.

"माई तयार? गाडी खाली सुरूच ठेवलीय."

"आई येत नाहीये," बारक्या बूट घालत म्हणाला.

"अरे! मग गुडघ्यांचं कोण बोलणार?"

"मी बोलतो."

"तुझे गुडघे ठणठणीत आहेत की!"

"आईचंच सांगतो. तुम्ही व्हा पुढे."

"चल की आमच्याबरोबर. जागा आहे भरपूर."

"चालत येतो, काका. थोडं मनात जुळवायचंय."

"जुळव, जुळव. पाझर फुटला पाहिजे बघ!" म्हणत सेक्रेटरी जिना उतरले. त्यांची गाडी गुरगुरत फाटकाबाहेर गेली.

बारक्या दाराशी एकदा थांबला, सदऱ्याची बाही उगाच सारखी केली आणि निघाला. माई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. रस्त्याच्या कडेने तो चालला होता, नेहमीपेक्षा सावकाश. त्याचे ओठ हलत होते. लहानपणी कविता पाठ करत शाळेला निघायचा तेव्हा हलायचे, अगदी तसेच.