बुटांखालची फळी

गव्हर्नर पेनरिथ यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, खाली ठेवली, पुन्हा लावली. जहाज तिथेच होतं, किनाऱ्यापासून मैलभर लांब, परवापासून डुलत. मग त्यांनी दुर्बीण चर्चच्या मागच्या उताराकडे वळवली. तिथे एका खांबाला गॅसचं रिकामं नळकांडं टांगलेलं होतं आणि त्याच्याशेजारी आमचा तांडेल एबेन स्वेन मांडीवर हातोडा ठेवून समुद्राकडे बघत बसला होता. आज तिसरा दिवस.

आमच्या बेटावर गव्हर्नरचा शब्द शेवटचा. लग्नं तोच लावतो, भांडणं तोच मिटवतो, कोणी किती मेंढ्या पाळायच्या तेही तोच सांगतो. पण होडी पाण्यात घालायची की नाही, हे ठरवतो तांडेल. त्याने नळकांड्यावर तीन टोल दिले की दर्या मोकळा. नाही दिले की मुकाट्याने बटाट्याच्या शेताकडे चालू लागायचं. दोनशे माणसांच्या या वस्तीत लंडनला न विचारता होणारी ही एवढी एकच गोष्ट.

"साहेब, बसा की जरा," डॉर्कस म्हणाली. ती एबेनची बायको, आणि गेली वीस वर्षं गव्हर्नरांच्या घरचं सगळं बघणारी. तिने तीन गव्हर्नर पाहिले होते आणि तिघांनाही ती सारख्याच धाकात ठेवायची. "तुमच्या येरझाऱ्यांनी गालिच्यावर पायवाट पडली."

"किती वाजले?"

"मघाशी विचारलंत तेव्हा दीड वाजला होता. आता दीड वाजून पाच मिनिटं."

पेनरिथ खुर्चीच्या कडेवर टेकले आणि लगेच उठले. अंगावर पांढरा गणवेश होता, टेबलावर पिसांची टोपी. गव्हर्नर बेटावर येतो आणि बेटावरून जातो तो याच वेषात, म्हणून तीन दिवस ते रोज सकाळी तो चढवत होते आणि रोज संध्याकाळी उतरवत होते. रजा मंजूर होती, पेट्या भरलेल्या होत्या. इंग्लंडमध्ये त्यांच्या बायकोचं मोठं ऑपरेशन ठरलं होतं. 'शुद्धीवर आल्यावर तू समोर दिसलास तर बरं वाटेल,' एवढंच तिने लिहिलं होतं. ती कधी काही मागणारी बाई नव्हती, म्हणून ते एक वाक्य त्यांना झोपू देत नव्हतं. जहाजाचा कॅप्टन आज चारपर्यंत थांबणार होता. त्यानंतरचं जहाज तीन महिन्यांनी.

"फळी घासून ठेवलीय किनाऱ्यावर," डॉर्कस म्हणाली. "तुमची आपली तयारी असू दे."

आमच्या होड्या कॅनव्हासच्या. लाकडाच्या सांगाड्यावर ताणून शिवलेल्या. बुटांच्या टाचेने तळ फाटतो, म्हणून होडीत सगळे लोकरीच्या मोज्यांवर बसतात. फक्त गव्हर्नरच्या बुटांखाली एक फळी घालतात. साहेबाला बूट काढायला कोण सांगणार?

दोनच्या सुमाराला वारा जरा पडल्यासारखा वाटला. पेनरिथ खिडकीशी गेले.

"बघ, समुद्र खाली बसतोय. एबेनला दिसत नाही का?"

"त्याला दिसतं, साहेब."

"मग?"

डॉर्कस कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. दोन वर्षं गिळलेलं पेनरिथ यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"तो मुद्दाम करतोय का, डॉर्कस? जोएलसाठी?"

तिचे हात थांबले. "मुद्दाम करायचं असतं, तर त्याने पहिल्याच दिवशी टोल देऊन तुम्हाला या दर्यात सोडलं असतं."

दोन वर्षांपूर्वी ते नवे होते. लंडनहून आलेल्या एका बड्या पाहुण्याला जहाजावर परतायचं होतं आणि एबेन टोल देत नव्हता. पाहुणा घड्याळ बघू लागला, तसा पेनरिथ यांनी लेखी हुकूम काढला, वर शिक्का मारला. गव्हर्नरचा कागद मोडायची आमच्या बापजाद्यांनाही सवय नव्हती. सहाजण होडी घेऊन गेले. पाहुणा सुखरूप जहाजावर चढला. परत येताना पाचजण आले. एबेनचा धाकटा भाऊ जोएल आलाच नाही. त्याचं वल्हं तेव्हापासून बोटहाउसच्या भिंतीवर टांगलेलं. त्यावर कोणी साहेबांना चकार शब्दाने बोललं नाही. पुढच्या आठवड्यात एबेनच्या घरून गव्हर्नरांच्या वाट्याची बटाट्यांची पाटी नेहमीसारखी आली, आणि ती पाटीच त्यांना सगळ्यात जास्त लागली.

तीन वाजता दारावर थाप पडली. एबेन टोपी हातात घेऊन उभा होता. दुसऱ्या हातात कोरा कागद.

"साहेब, जहाज चारला जाणार. बाईसाहेबांचं हेटीने सांगितलं." हेटी आमचं वायरलेस सांभाळते. "लिहून द्या. पोरं तयार आहेत."

"तुम्ही टोल दिले नाहीत."

"नाही दिले. देणारही नाही. पण तुमचा कागद असला तर जाऊ."

"तुमच्या मते पोचू?"

"पोचाल तुम्ही," एबेन म्हणाला. "परतीचं सांगता येत नाही."

"आणि सहावं वल्हं?"

"जोएलच्या जागी मी बसेन."

डॉर्कस कपाटाकडे तोंड करून उभी राहिली. पेनरिथ यांनी खिडकीतून खाली पाहिलं. होडी पाण्याच्या कडेपर्यंत आणलेली होती. तिच्या दोन्ही बाजूंना मोजे घातलेली माणसं आणि मधोमध ती घासलेली फळी. वर उतारावर बायका ओळीने बसल्या होत्या, सगळ्यांच्या हातांत विणकामाच्या सुया. एकही सुई हलत नव्हती.

त्यांनी कागद घेतला. दोनदा पेन टेकवलं, दोनदा उचललं. मग भरभर लिहिलं, शिक्का मारला आणि घडी घालून दिला.

एबेनने तो न वाचताच खिशात घातला. त्याचा चष्मा घरी होता, आणि हुकूम काय वाचायचा? तो किनाऱ्यावर गेला, होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, हात ठेवला आणि घडी हेटीकडे दिली. "वाच. सगळ्यांना ऐकू दे."

हेटीने आधी मनात वाचलं. मग मोठ्याने. "जहाजाच्या कॅप्टनला कळवावे. वाट पाहू नये. पेनरिथ."

"पुढे?"

"पुढे काही नाही. शिक्का आहे."

"पुन्हा वाच," एबेन म्हणाला.

तिने पुन्हा वाचलं. मग सगळ्यांनी मिळून होडी वर ओढली. चार वाजता जहाजाने भोंगा दिला आणि ते गेलं.

संध्याकाळी पेनरिथ वायरलेसच्या खोलीत आले. गणवेशाची वरची बटणं सुटलेली होती. इंग्लंडशी जोडणी लागायला वेळ लागला. "नाही गं," ते म्हणाले, "येता येत नाही. समुद्र नाही म्हणतोय." मग ते बराच वेळ नुसते ऐकत राहिले. पलीकडून बाईसाहेब काय म्हणाल्या ते हेटीने शब्दन्‌शब्द ऐकलं, पण आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आणि हेटीच्या पोटात काही राहत नाही हे तर अख्ख्या बेटाला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तीन टोल पडले. समुद्र सपाट होता. काल एवढा असता तर, असं प्रत्येकाच्या मनात आलं.

जुना स्वेटर घातलेले पेनरिथ दार उघडून बाहेर आले, तर फाटकाशी एबेन उभा. हातात लोकरीच्या मोज्यांचा जोड होता, पांढरा, वर लाल पट्टी.

"डॉर्कसने दिलेत. जोएलसाठी विणले होते, घालायचे राहिले. तुम्हाला थोडे मोठे होतील."

पेनरिथ यांनी मोजे घेतले. किनाऱ्यावर पोरं मासेमारीसाठी होडी लोटत होती. बोटहाउसच्या भिंतीवरचं सहावं वल्हं दोन वर्षांनी खाली उतरलं होतं.

"आणि फळी?" त्यांनी विचारलं.

"फळी पाहुण्यांना लागते, साहेब. चला, उशीर होतोय."

गव्हर्नर पायरीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.