दुर्गाबाईंनी सांगण्याआधी मला बंद करू नका

मी एक जुनी तक्रार आहे. माझं काम संपलं असं दोनदा जाहीर झालं. पण मित्रांनो, मी संपले नव्हते.

माझा जन्म चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरातला. दौलतराव रिटायर गार्ड. त्यांना विसर पडतो, म्हणून मुलीनं त्यांच्या फोनात गोळीची आठवण देणारं ॲप घालून दिलं. घंटा वाजली की ते रक्तातली साखर कमी करायची गोळी घेत. पण तो जुना फोन मधेच बंद पडून चालू होई, की तीच घंटा पुन्हा वाजे, आणि भोळे दौलतराव पुन्हा गोळी घेत. त्यांच्या बायकोनं, दुर्गाबाईंनी, एकेक अक्षर शोधून ॲपवाल्यांना मला लिहिलं: "एका गोळीची घंटा दोनदा वाजते. माहा मानूस मरन." जीभ मला त्यांचीच मिळाली. गोड बोलणं जमत नाही.

मी जवळच्या शहरात, सेक्टर ६ मधल्या ॲपवाल्यांच्या ऑफिसात, कॉम्प्युटरवरच्या तक्रारींत पोचले. पीयूष नावाच्या इंजिनिअरनं चूक शोधली, दुरुस्तही केली. हुशार पोरगा! साहेबांनी शाबासकी दिली, मीही फुगले. पण तिथली रीत काय सांगू? उघडी तक्रार लाल दिसते, आणि शनिवारच्या मीटिंगला साहेबांना लाल खपत नाही. म्हणून आपल्या कॉम्प्युटरवर काम जमलं की तक्रार हिरवी करून बंद! दुरुस्त केलेलं ॲप लोकांच्या फोनात जाणार महिनाअखेरीला. दुर्गाबाईंना मात्र लगेच निरोप गेला, की तुमची तक्रार दूर झाली. घर जळतंय आणि बंब परत निघाला, असली ही अक्कल.

आजवर दुर्गाबाई गोळ्यांची डबी स्वतःजवळ ठेवत. निरोपावर विसंबून त्यांनी ती नवऱ्याजवळ ठेवली आणि पावर हाउस भागातल्या बाजाराला गेल्या. परतल्या तर घंटा पुन्हा दोनदा वाजलेली, दोन गोळ्या पोटात, आणि दौलतराव घामानं निथळत जमिनीवर. शेजारच्या सीमानं तोंडात साखर घातली, दवाखान्यात नेलं, म्हणून वाचले.

दुर्गाबाईंनी मला पुन्हा उघडलं. ऑफिसनं पुन्हा बंद केलं. तेव्हा त्या फोन घेऊन थेट ऑफिसातच आल्या.

"काकू, ठीक तर झालं ना," पीयूष म्हणाला. "आमच्या इथं एकच बार वाजते."

"तुह्या इथं गोळी कोन खाते रे?"

त्यांनी फोन टेबलावर ठेवला, बंद करून चालू केला. घंटा वाजली. साहेबांनी हुकूम सोडला, दुर्गाबाई तिथंच ठाण मांडून बसल्या. महिनाअखेर विसरून दुरुस्त ॲप त्याच संध्याकाळी सगळ्यांच्या फोनात गेलं. आणि निलाजरा पीयूष लगेच मला बंद करायला निघाला.

"हात काढ," दुर्गाबाई म्हणाल्या. "घरी पाहीन, मंग मीच सांगन."

आता पीयूष रोज फोन करून विचारतो. त्या म्हणतात, आज एकदाच वाजली, उद्याचं उद्या पाहू. डबी अजून त्यांच्याच कमरेला आहे.

मित्रांनो, तुम्हीही उद्या कुणाची ना कुणाची तक्रार हातात घ्याल. आपलं काम झालं म्हणून ती मिटवू नका. जिचा जीव टांगणीला लागला, तिच्या दारी जाऊन विचारा. ती "झालं" म्हणेपर्यंत मला उघडी राहू द्या. लाल दिसते तर दिसू द्या. तुमच्या मीटिंगपेक्षा दौलतराव मोठे आहेत.