आण्णाप्पांचं एकानं ऐकलं

दैनिक ‘निर्धार’चे अग्रलेख एकतीस वर्षं आण्णाप्पा मगदूम लिहीत होते. निपाणीकडचा हा जैन गृहस्थ बेळगावात नोकरीला आला आणि बघता बघता साऱ्या शहराचा सासरा होऊन बसला. प्रेमविवाह नको, जीन्स नको, मुलींच्या हातात मोबाइल नको. कानडी पाट्यांवर लिहून दमले की ते लोकांच्या सुनांकडे वळत. लोक वाचत, माना डोलावत आणि आपल्या मनाचंच करत. निदान आण्णाप्पांना तशी शंका होती.

निवृत्तीला आठवडा उरला तेव्हा ही शंका फारच डाचू लागली. आपल्या लिहिण्यानं एका तरी माणसाचं मन पालटलं का? एक जरी सापडला, तरी शेवटचा अग्रलेख त्याच्यावरच लिहायचा, असं त्यांनी ठरवलं.

न पटणारा मात्र एकजण होताच. वडगावहून निनावी पोस्टकार्ड यायचं. ‘परवाच्या लेखातलं चौथं वाक्य तपासा.’ बस्स, एवढंच. आण्णाप्पा तपासत, आणि लेखाचा लंगडा पाय नेमका तिथंच निघे. शिव्या देणारे त्यांना पुष्कळ भेटले होते, पण इतकं मन लावून वाचणारा हा कोण बाबा? त्यांनी पेपर एजंट मारुतीरावांना गाठलं.

“सुबराव विणकराकडं जावा की,” मारुतीराव म्हणाले. “माग सुरू करायच्या आधी तिथं रोज अग्रलेख मोठ्यानं वाचत्यात. एकदा खडखडाट सुरू झाला की कोण कुणाचं ऐकतंय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आण्णाप्पा वडगावात सुबरावांच्या दारात उभे होते. आत चार यंत्रमाग गप्प होते आणि पस्तिशीची एक बाई त्यांचाच लेख वाचत होती. आपलं लिहिणं दुसऱ्याच्या तोंडून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. फारच पाल्हाळ लावतो आपण, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

नाव सांगताच म्हाताऱ्या सुबरावांनी खुर्ची पुसून पुढं केली.

“सायेब, तुमचा शब्द म्या कधी खाली पडू दिला न्हाय. ही माझी लेक राजेश्वरी. दोन हजार आठ साली हिचा इचलकरंजीला टेक्स्टाईलला नंबर लागलता. पेटी रिक्षात चढवली, आन् तुमचा लेख आला. परगावच्या हॉस्टेलात मुली ठेवू नका. पेटी उतरवली बघा.”

सापडला! आण्णाप्पांना आनंद व्हायला हवा होता. तो काही झाला नाही.

“त्यो लेख बी मीच वाचून दाखवलता,” राजेश्वरी म्हणाली.

“पोस्टकार्डं तुमचीच?”

“व्हय. पयला राग यायचा, लई. आता निस्तं बघावंसं वाटतं, ह्यो माणूस इचार कसा करतोय. तुमास्नी मुलगी हाय का, आण्णा? कुठं शिकली ती?”

खोटं सांगितलं असतं तरी कुणाला कळणार नव्हतं. आण्णाप्पांना ते सुचलंही.

“बेंगळुरूला,” ते म्हणाले. “हॉस्टेलात. लेख छापून आला त्याच दिवशी दुपारी ब्राह्मीला मी स्वतः बसमध्ये बसवून दिलं. माझ्या मुलीवर माझा भरवसा होता. लोकांच्या मुलींवर नव्हता.”

राजेश्वरीनं पेपराची घडी घातली.

“मग तेवढंच छापा,” ती म्हणाली. “उपदेश नगं.”

शेवटचा अग्रलेख चार ओळींचा निघाला. त्यात ब्राह्मीचं नाव होतं, बसची तारीख होती आणि वडगावच्या एका बापानं आपलं ऐकल्याची कबुली होती. ‘निर्धार’च्या मालकांनी कपाळाला हात लावला. लेख छापून आला त्या सकाळी आण्णाप्पा ऐकायला पुन्हा सुबरावांकडं जाऊन बसले. राजेश्वरीनं तो एका दमात वाचला. आण्णाप्पांनी नुसते हात जोडले.

सुबरावांनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते लेकीला म्हणाले, “त्येनी निस्तं लिवलं गं. पेटी म्या उतरवली.”