शनिवारची गोळी

मित्रांनो, मी एक जुनी, कोपरे चेपलेली पत्र्याची कंपास पेटी. माझे सांगणे तुम्हाला कंटाळवाणे वाटेल की काय, अशी धास्ती आहे, तरी सांगते.

कारखान्यात पत्रा दाबून मला आकार दिला, वर पिवळा रंग चढवला. हिमायतनगरच्या दुकानातून पाचवीतल्या वर्षाराणीने मला निवडले. भूमितीच्या तासाला अख्खा वर्ग मला मागून नेई. तेव्हा माझा फार मान होता.

दहावीनंतर ती क्लाससाठी लातूरला आली आणि माझे काम बदलले. वर्षाराणीला फिट येत असे. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ गोळी सांगितली होती. खोलीतल्या उज्वलाला कळू नये म्हणून गोळ्यांची पट्टी ती माझ्यात, कोनमापकाखाली लपवी. रोज सकाळी झाकण उघडेपर्यंत माझा जीव टांगणीला लागे.

एका शुक्रवारी तिच्या आईचा, रेणुकाबाईंचा फोन आला.

"उद्यापासून शनिवार धर, बाई. निरंकार. पाणीबी न्हाई. तुझी फिट जावी म्हणून मारोतीला नवस बोललेय मी."

"आन् गोळी?"

"पाण्याबिगर कशी गिळशील? एका दिवसानं काय होतंय?"

शनिवारी झाकण उघडले नाही. मला हाक मारता आली असती तर! पण पेटीला आवाज कुठला? दप्तरात बसून मी घाबरत राहिले. भर तासात वर्षाराणी बाकावरून कोसळली.

"फिट आली! हातात लोखंड द्या!"

"चावी हाय का कुणाकडं?"

"ही पेटी घ्या, पत्र्याचीच हाय!"

मित्रांनो, त्यांनी मलाच तिच्या मुठीत कोंबले. औषध माझ्या पोटात, आणि त्यांना हवे होते फक्त माझे लोखंड! झटके काही थांबेनात. धडपडीत माझे झाकण निसटले आणि पट्टी फरशीवर पडली. ती उज्वलाने उचलली. सरांनी गर्दी मागे सारून वर्षाराणीला कुशीवर वळवले. थोड्या वेळाने झटके ओसरले आणि तिला दवाखान्यात नेले.

"येडे," संध्याकाळी उज्वला म्हणाली, "मला वाटायचं, पेटीत कुणाची चिठ्ठी ठेवतीस! गोळीच होती, तर लपवायचं काय?"

रेणुकाबाई एसटीने धावत आल्या. गोळी चुकल्यानेच फिट आली, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"पण नवस मोडला तर?"

"आई, मी गोळी सोडणार न्हाई आता," वर्षाराणी हळूच म्हणाली.

रेणुकाबाईंनी पदर खोचला. मग त्यांनीच पाण्याचा पेला भरला. "शनिवार मी धरते. मारोती काय, समजून घेईल. तू खा, पी आन् गोळी घे."

आता पट्टी उघड्यावर, पाण्याच्या माठाशेजारी असते. मी रिकामी, फळीवर धूळ खात पडले आहे. त्याचे वाईट वाटत नाही. पण रोज सकाळी उज्वला विचारते, "घेतलीस का गं?" आणि "हाव" ऐकू येईपर्यंत मी अजूनही घाबरते.

मित्रांनो, तुमच्या बाकावरही असे कुणी असेल. त्याला हसू नका, त्याला लपवायला लावू नका. गोळी घेतलीस का, एवढेच विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.