इस्त्रीच्या वाफेतलं गाणं

मी लॉन्ड्रीतला टेपरेकॉर्डर बोलतोय. सावकाश बोलेन. दमलोय.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा थाट होता. एका घरात वाढदिवसाला आलो, दुसऱ्या घरात अडगळीत पडलो. नवं असताना माणसं फुंकर मारून धूळ उडवतात, जुनं झालं की डोक्यावर डबे रचतात. त्या अडगळीतून ताईने मला उचललं.

ताई लॉन्ड्रीत इस्त्री करायची. तिने मला टेबलावरच्या फळीवर ठेवलं आणि एक कॅसेट घातली. कव्हर हरवलेली, नाव पुसलेली. तिच्यात एक रॉक गाणं होतं. दिवसभर तेच.

खालून वाफ यायची. माझ्या पोटात एक रबरी पट्टा होता, त्याच्यावर कॅसेट फिरायची. वाफेने तो सैल पडत गेला. गाणं हळू झालं, गाणाऱ्याचा आवाज जाड झाला. पण रोज केसभर, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. ताईचा हात त्याच गतीने चालायचा. एका ठोक्याला बाही, दुसऱ्याला कॉलर.

कपड्यांना लावायच्या चिठ्ठ्यांच्या मागे तिने त्या गाण्यावर कविता लिहिली. 'हा पाठीवर ओझं घेऊन जिना चढतोय,' तिने लिहिलं, 'आणि जिना संपत नाही.'

गेल्या महिन्यात ताई गेली. चार दिवसांच्या तापाने.

तिचा धाकटा भाऊ आला आणि प्लग न काढताच त्याने मला ओढलं. लॉन्ड्रीतल्या बायका म्हणाल्या, "रविवारी तिच्यासाठी जमतोय. कविता तूच वाच, आणि तिचं गाणं लाव."

पण मी अडखळायला लागलो होतो. म्हणून दुसरीकडून गाणं मिळवायला तो मला घेऊन गिटार शिकवणाऱ्या सरांकडे गेला. त्याने गुणगुणून दाखवलं. सरांनी लगेच ओळखलं आणि फोनवर लावलं. कोवळा, बारीक आवाज, सुसाट पळणारा.

"हे नाही!" धाकटा ओरडला. "ताईच्या कवितेतला जिना हा कुठे चढतोय? हा तर कठड्यावरून घसरतोय!"

"गाणं हेच आहे रे. ताईने कवितेत मनाचं घातलं असेल."

"ताई मनाचं घालत नाही."

तिथून तणतणत तो मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेला. त्याने माझं पोट उघडलं आणि हसला. "पट्टा ढिला पडलाय, म्हणून गाणं रेंगाळतंय. नवा टाकतो, घोड्यासारखा पळेल."

"आणि हाच ठेवला तर?"

"आणखी एखाद्या वेळेला वाजेल. मग राम म्हणेल."

धाकटा तिथेच पायरीवर बसला. "म्हणजे काका, ताईने खोटं लिहिलं?"

"मला पट्ट्यातलं कळतं बाबा, कवितेतलं नाही."

तो उठला आणि मला काखेत मारून पुन्हा सरांकडे धावला. "सर, एकदाच ऐका. दुसऱ्यांदा नाही ऐकवता येणार."

मी होता नव्हता तेवढा जीव लावून वाजलो. सरांनी गिटार मांडीवर ओढली. मग ते गुणगुणायला लागले, आणि पुढचं वळण माझ्याआधी घ्यायला लागले. त्यांनी भरलेले डोळे मिटले.

"ही माझ्या वडिलांची चाल," ते म्हणाले. "हमाल होते. चौघं मिळून पोती चढवताना हेच म्हणायचे. अशाच संथ गतीत. या रॉकवाल्या पोरांनी चाल उचलली, वर गिटार चढवली आणि पळवली. इतकी वर्षं मी ती शिकवतोय आणि मला बापाचा आवाज ओळखू आला नाही!"

"ताईला आला," धाकटा म्हणाला आणि हमसून हमसून रडला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच.

तेवढ्यात माझ्या पोटात टक् झालं. पट्टा तुटला. सरांनी डोळे उघडले नाहीत. गाणं जिथे थांबलं तिथून, त्याच गतीने, ते गिटारवर पुढे वाजवत राहिले.

रविवारीही त्यांनीच वाजवलं. धाकट्याने कविता वाचली, जोडाक्षरांना ठेचकाळत. इस्त्रीवाल्या एका मावशीचा हात रिकाम्या टेबलावर आपोआप फिरत होता.

आता मी फळीवर आहे, मुका. काल दुरुस्तीवाला स्वतःहून नवा पट्टा घेऊन आला होता. धाकट्याने हातात घेतला, ताणून पाहिला, विचारात पडला.

नको रे. मी दुरुस्त झालो तर त्या पोरांचं गाणं वाजेल, ताईचं नाही. तिची फार आठवण आली तर माझं बटण दाबू नकोस. सरांकडे जा.